आधी अर्ज, मग गाजावाजा : एकट्या संशोधकाच्या शोधाचे रक्षण

पेटंट हा शासन आणि संशोधक यांच्यातला लेखी सौदा आहे. संशोधकाने आपला शोध इतक्या स्पष्टपणे लिहून द्यायचा, की त्या विषयातल्या जाणकाराला तो कागद वाचून ती वस्तू बनवता यावी. त्या बदल्यात शासन त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे एक हक्क देते. त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणालाही तो शोध बनवता, वापरता, विकता किंवा आयात करता येत नाही. मुदत संपली की शोध सगळ्यांचा होतो. समाजाला ज्ञान मिळते, संशोधकाला कष्टाचे मोल मिळवण्यासाठी अवधी मिळतो.

हा सौदा मोठ्या कंपनीला जितका खुला आहे, तितकाच एकट्या माणसालाही खुला आहे. गॅरेजमधला मेकॅनिक, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, निवृत्त अभियंता, स्वयंपाकघरातली अडचण स्वतःच सोडवणारी गृहिणी, शेतातले अवजार सुधारणारा शेतकरी यांपैकी कोणीही अर्ज करू शकतो. पदवीची अट नाही, कंपनी असण्याची अट नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. तरीही एकट्या संशोधकाचे नुकसान अधिक वेळा होते. शोध चोरीला जाण्याआधीच, क्रम चुकल्यामुळे, हक्क त्याच्या हातून निसटलेला असतो. कोणते पाऊल कधी टाकावे हे वेळेवर कळले, तर यातले बरेचसे नुकसान टळते.

भारतातील कायद्याची वाटचाल

भारतात शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा १८५६ साली झाला. त्याखालचा पहिला अर्ज कोलकात्याचे अभियंता जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंग यांनी ३ मार्च १८५६ रोजी केला. त्यांचा शोध होता पंखा ओढण्याचे यंत्र. छताला टांगलेला पंखा दोरीने ओढत राहणे हे त्या काळी रोजचे काम होते आणि त्याच कामावर एका माणसाने उपाय शोधला होता. पुढे १९११ चा पेटंट व डिझाइन कायदा आला. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा तयार झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. १९९९, २००२ आणि २००५ साली त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. २० वर्षांची एकसमान मुदत आणि औषधे, अन्नपदार्थ व रसायने या वस्तूंनाही पेटंट देण्याची तरतूद या दुरुस्त्यांतून आली. मार्च २०२४ मध्ये नियम पुन्हा बदलले आणि अनेक मुदती कमी झाल्या. त्यामुळे जुन्या पुस्तकातली मुदत पाहून निर्धास्त राहणे आता धोक्याचे आहे.

पेटंट की गुपित : म्हैसूरचे उदाहरण

प्रत्येक शोधाचे पेटंट घ्यावेच असे नाही. शोध गुप्त ठेवणे हा दुसरा मार्ग आहे आणि त्याचे देशभर ठाऊक असलेले उदाहरण म्हैसुरात आहे. मतदानानंतर बोटाला लावली जाणारी शाई म्हैसूर पेंट्स अँड वार्निश या कंपनीत तयार होते. नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या काळात १९३७ साली हा कारखाना सुरू झाला. शाईचे सूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत विकसित झाले आणि राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळामार्फत उत्पादनाचा परवाना म्हैसूरच्या कारखान्याला मिळाला. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ती वापरली गेली. पुढे इतर देशांच्या निवडणुकांसाठीही ती म्हैसुरातून जाऊ लागली.

या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते हे सर्वांना माहीत आहे. ते त्वचेवरच्या क्षाराशी संयोग पावते, त्यातून पाण्यात न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड बनते आणि उजेड लागताच ते काळे पडते. रसायनशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात एवढे सापडेल. गुप्त आहे ते नेमके सूत्र. पेटंट घेतले असते तर सूत्र जाहीर करावे लागले असते आणि मुदतीनंतर ते कोणालाही वापरता आले असते. गुपित मात्र जपले जाईल तोवर टिकते.

एकट्या संशोधकाने यातून घ्यायची कसोटी साधी आहे. बाजारात आलेली वस्तू उघडून, उकलून किंवा तपासून शोध कळत असेल, तर गुपित टिकणार नाही आणि पेटंटच घ्यावे. यंत्र पान्याने उघडता येते, म्हणून यंत्राचे गुपित फार काळ राहत नाही. एखादी प्रक्रिया, मिश्रणाचे प्रमाण, भट्टीचे तापमान यांसारख्या गोष्टी तयार वस्तूवरून ओळखता येत नसतील, तर गुप्तता फायद्याची ठरू शकते. मात्र भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. तिथे संरक्षण येते ते करारातून : कामगाराशी, पुरवठादाराशी आणि भागीदाराशी केलेल्या लेखी गोपनीयता करारातून. शिवाय दुसऱ्याने स्वतःच्या बुद्धीने तेच शोधून काढले, तर गुपित बाळगणाऱ्याला त्याला अडवता येत नाही.

कशाला पेटंट मिळते आणि कशाला नाही

पेटंटसाठी शोधाला तीन कसोट्यांना उतरावे लागते. पहिली नावीन्याची : अर्जाच्या तारखेआधी तो जगात कुठेही प्रसिद्ध झालेला नसावा. दुसरी कल्पकतेची : त्या विषयातल्या जाणकाराला जे सहज सुचले असते, त्यापलीकडची झेप त्यात असावी. तिसरी औद्योगिक उपयोगाची : तो प्रत्यक्ष बनवता किंवा वापरता यावा.

छोट्या कारखानदाराला सर्वांत कठीण जाते ती दुसरी कसोटी. मिर्झापूरच्या भांडी उद्योगातल्या एका यंत्राचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. भांडे लेथवर घट्ट धरून घासण्याच्या साधनाचे ते पेटंट होते. डिसेंबर १९७८ च्या निकालात न्यायालयाने ते रद्द ठरवले. आधीपासून माहीत असलेल्या साधनात कुशल कारागीर कामाच्या ओघात जी सुधारणा करतो, ती पेटंटला पुरेशी नाही, हे तत्त्व तिथे ठामपणे मांडले गेले. भारतातला प्रत्येक परीक्षक आजही हे तत्त्व डोळ्यांपुढे ठेवतो. म्हणून अर्जात केवळ काय बदलले एवढे सांगून भागत नाही. त्या बदलामुळे कोणती अडचण सुटली आणि ती आधी कोणाला का सुटली नव्हती, हेही दाखवावे लागते.

कायद्याच्या कलम ३ मध्ये पेटंट न मिळणाऱ्या गोष्टींची यादी आहे आणि अर्ज लिहिण्याआधी ती वाचणे हिताचे असते. निसर्गनियमांविरुद्ध दावा करणारी यंत्रे, म्हणजे इंधनाशिवाय कायम चालणारी यंत्रे, तिथेच बाद होतात. नुसता वैज्ञानिक सिद्धान्त, गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, केवळ संगणक प्रोग्राम, शेती व बागायतीची पद्धत, रोग्यावरील उपचाराची पद्धत, वनस्पती व प्राणी यांनाही पेटंट नाही. दोन पदार्थ एकत्र करून त्यांच्या मूळ गुणांची नुसती बेरीज होत असेल, तरीही पेटंट मिळत नाही. माहीत असलेली साधने केवळ शेजारीशेजारी मांडली आणि प्रत्येक आपले आपले काम करत राहिले, तर तो शोध धरला जात नाही.

पारंपरिक ज्ञानही याच यादीत आहे. हळदीच्या प्रकरणाने हा विषय घराघरांत पोचला. जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील संशोधकांना मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ साली त्याला हरकत घेतली आणि जुन्या ग्रंथांतले व नियतकालिकांतले लेखी पुरावे सादर केले. १९९७ साली अमेरिकी कार्यालयाने पेटंटमधले दावे फेटाळले. आजीबाईच्या बटव्यातले औषध सर्वांना ठाऊक होते, पण निर्णय लागला तो छापील पुराव्यावर. त्यानंतर भारताने पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल कोश तयार करायला घेतला. जगातल्या प्रमुख पेटंट कार्यालयांतले परीक्षक आज तो तपासतात. वनौषधी, सुगंधी तेले, अन्नप्रक्रिया यांत काम करणाऱ्या संशोधकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतातील जैविक संसाधनांवर आधारलेल्या शोधाला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडील पूर्तताही करावी लागते.

आधी शोधाचा शोध

अर्जाआधीचे पहिले काम म्हणजे आपल्यासारखे काही आधीच झाले आहे का, ते पाहणे. भारतीय पेटंट कार्यालयाची शोधप्रणाली, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे पेटंटस्कोप, युरोपीय कार्यालयाचे एस्पासनेट आणि गुगल पेटंट्स ही साधने फुकट आहेत. फक्त वस्तूचे नाव टाकून भागत नाही. वस्तू कोणते काम कशा प्रकारे करते, ते वेगवेगळ्या शब्दांत शोधावे लागते. जुळणारे एखादे पेटंट सापडले, तर त्याचे वर्गीकरण क्रमांक घेऊन त्या वर्गातली बाकीची पेटंटे चाळावीत. या कामात गेलेला आठवडा वाया जात नाही. शोध जुना निघाला तर पैसे वाचतात, आणि नवा निघाला तर तो कोणत्या मुद्द्यावर नवा आहे हे नेमके कळते.

मौनाचा काळ

अर्ज दाखल होईपर्यंत शोध जाहीर न करणे हा साऱ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. कॉलेजच्या प्रदर्शनात मांडलेले मॉडेल, व्हॉट्सॲपवर पसरलेला व्हिडिओ, यूट्यूबवरची चित्रफीत, वर्तमानपत्रातली कौतुकाची बातमी, ओळखीच्या दुकानदाराला विकलेले पहिले दोन नग, यांपैकी कशानेही नावीन्य नष्ट होऊ शकते. मग स्वतः संशोधकाचीच प्रसिद्धी त्याच्या अर्जाविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहते.

कायद्यात थोडी सवलत आहे, पण ती अरुंद आहे. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला असेल किंवा विद्वत्सभेत त्यावर निबंध वाचला असेल, तर त्यानंतर १२ महिन्यांत अर्ज करता येतो. शाळा-कॉलेजांची बहुतेक विज्ञान प्रदर्शने या सवलतीत बसत नाहीत. समाजमाध्यमांवरची चित्रफीत तर मुळीच बसत नाही. शोध कोणाला दाखवणे भागच असेल, मग तो साचा बनवणारा असो, पैसा घालणारा असो की सुटे भाग पुरवणारा असो, आधी गोपनीयता करारावर सही घ्यावी आणि गरजेपुरतेच सांगावे.

शोधाची टिपणे, आकृत्या आणि चाचण्यांचे निकाल तारखेसह वहीत लिहून ठेवण्याची सवय फार मोलाची आहे. वही मराठीत असली तरी चालते. मात्र वहीला पेटंटची जागा घेता येत नाही. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर टपालाने बंद पाकीट पाठवले की हक्क मिळतो, हा समज चुकीचा आहे. आधी अर्ज करणाऱ्याला अग्रक्रम, हे भारतातले तत्त्व आहे. वहीचा उपयोग होतो तो शोध आपलाच आहे आणि दुसऱ्याने तो आपल्याकडून उचलला, हे सिद्ध करायची वेळ आली तर.

तपशील आणि दावे

शोध अजून पूर्णत्वाला गेला नसेल, तर तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करता येतो. त्याने तारीख पक्की होते. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील दिला नाही, तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. तात्पुरता तपशील पानभरात उरकण्याचा मोह टाळावा. त्यात जे लिहिलेच नाही, त्याला ती आधीची तारीख मिळत नाही.

संपूर्ण तपशिलात शोधाचे क्षेत्र, आजवरची साधने व त्यांतल्या उणिवा, शोधाचे वर्णन, आकृत्या, तो करण्याची संशोधकाला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत आणि शेवटी दावे येतात. ही कागदपत्रे इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागतात. पेटंटचे खरे कुंपण म्हणजे दावे. तपशिलात वर्णन केलेली, पण दाव्यात न आलेली गोष्ट जगाला भेट दिल्यासारखी होते.

हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. म्हैसूर अगरबत्तीसाठी प्रसिद्ध आहे. अगरबत्ती यंत्रात ओला मसाला नळीतून पुढे ढकलला जातो आणि बांबूच्या काडीवर चढतो. मसाला जास्त ओला झाला की तोंडाशी चिकटतो आणि काडी अडकते. समजा, कोणी नळीच्या तोंडाशी थरथरणारे एक कडे बसवले आणि मसाल्याचा दाब वाढला की त्याची थरथर आपोआप वाढावी अशी योजना केली. आता दावा कसा लिहावा? ‘मसाला अडकू न देणारे कोणतेही साधन’ असे लिहिले, तर तो दावा आधीच्या अनेक यंत्रांवर पसरतो आणि परीक्षक तो फेटाळतो. ‘तीन स्प्रिंगांवर बसवलेले ३२ मिलिमीटरचे पितळी कडे’ असे लिहिले, तर पेटंट मिळेल, पण शेजारचा कारखानदार दोन स्प्रिंगांचे पोलादी कडे बसवून सहीसलामत सुटेल. शोधाचा गाभा आहे दाब ओळखून थरथर कमीजास्त होण्यात. म्हणून पहिल्या दाव्यात नळी, थरथरणारे कडे, दाब ओळखणारा भाग आणि त्यानुसार थरथर बदलणारी जोडणी यांचा परस्परसंबंध यावा. स्प्रिंगांची संख्या, धातू, माप हे त्याखालच्या अवलंबित दाव्यांत यावे. पहिला दावा उद्या न्यायालयात पडला, तरी खालचा टिकू शकतो.

दावे लिहिणे हे कौशल्याचे काम आहे. खर्चाला हात आखडताच घ्यायचा असेल, तर बाकी सारे स्वतः करावे, पण दाव्यांसाठी नोंदणीकृत पेटंट एजंटाचा सल्ला घ्यावा. एजंट होण्यासाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळते.

कार्यालयातला प्रवास

भारतात पेटंट कार्यालये चार आहेत : कोलकाता, दिल्ली, मुंबई आणि चेन्नई. अर्ज कुठे जाईल हे अर्जदाराच्या राहण्याच्या ठिकाणावरून ठरते. म्हैसुरात राहणाऱ्याचा अर्ज चेन्नईकडे जातो. बेळगाव किंवा बिदरचाही चेन्नईकडेच. सीमा ओलांडून कोल्हापूर, सोलापूर किंवा पणजीत राहणाऱ्याचा मात्र मुंबईकडे जातो. अर्ज ऑनलाइन भरता येत असल्याने प्रवासाची गरज उरलेली नाही.

व्यक्तीसाठीचे शुल्क कंपनीपेक्षा पुष्कळ कमी आहे. ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीला ४,००० रुपये लागतात. मोठ्या कंपनीला याच दोन गोष्टींसाठी अनुक्रमे ८,००० आणि २०,००० रुपये मोजावे लागतात. पहिल्या शुल्कात ३० पाने आणि १० दावे येतात, त्यापुढे पानागणिक आणि दाव्यागणिक जादा पैसे पडतात.

अर्ज १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतो. घाई असेल तर व्यक्तीला २,५०० रुपये भरून प्रसिद्धी लवकर करून घेता येते. नुसत्या अर्जाने परीक्षण होत नाही, त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. ही मुदत पूर्वी ४८ महिन्यांची होती. मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना ती ३१ महिन्यांची आहे आणि ती चुकली की अर्ज बुडतो. स्त्री अर्जदार, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना जलद परीक्षणाची सोय आहे. संशोधक महिलांनी तिचा लाभ जरूर घ्यावा.

परीक्षक पहिला अहवाल पाठवतो. त्यात हरकती असतातच आणि त्या पाहून खचण्याचे कारण नाही. सहा महिन्यांत उत्तर द्यायचे असते, विनंती केल्यास आणखी तीन महिने मिळतात. गरज पडल्यास नियंत्रक सुनावणी घेतो. पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही, आणि मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर एक वर्षाच्या आत संबंधित व्यक्ती, विरोध नोंदवू शकते.

मंजुरीनंतरही शुल्क संपत नाही. तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी वर्षाला ८००, सातव्या ते दहाव्यासाठी २,४००, अकराव्या ते पंधराव्यासाठी ४,८०० आणि त्यापुढे ८,००० रुपये नूतनीकरणाला लागतात. व्यक्तीने पेटंट पूर्ण २० वर्षे जिवंत ठेवले, तर ही बेरीज ७६,८०० रुपये होते. हप्ता चुकला तर जादा शुल्कासह सहा महिने मिळतात. तेही गेले तर हक्क गेल्यापासून १८ महिन्यांत पेटंट पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज करता येतो, पण मधल्या काळात दुसऱ्याने सुरू केलेले काम त्याच्यामुळे थांबवता येत नाही.

मालकी आणि भागीदारी

शोध कोणाचा, हा प्रश्न अर्जाआधी सुटलेला असावा. नोकरीत असताना लावलेल्या शोधाची मालकी भारतात मुख्यतः नोकरीच्या करारावरून ठरते. विद्यार्थ्याने संस्थेचे धोरण पाहावे. मार्गदर्शकाचे नाव केवळ आदरापोटी संशोधक म्हणून घालू नये आणि ज्याने खरी भर घातली त्याचे नाव गाळूही नये.

मित्र-नातेवाईक मिळून अर्ज करतात, तेव्हा कलम ५० विसरले जाते. दुसरे काही ठरले नसेल, तर सहमालकांचा वाटा समान धरला जातो. प्रत्येक सहमालक इतरांना हिशेब न देता स्वतः शोध वापरू शकतो, पण इतरांच्या संमतीवाचून परवाना देऊ शकत नाही. म्हणजे एक रुसला तरी व्यवहार अडतो. म्हणून वाटा, खर्च, उत्पन्न आणि परवान्याचा अधिकार सुरुवातीलाच लिहून घ्यावा.

परदेशातील संरक्षण

पेटंट देशापुरते असते. जागतिक पेटंट अशी गोष्ट नाही. भारत ७ डिसेंबर १९९८ पासून पॅरिस करार आणि पेटंट सहकार्य करार या दोन्हींचा सदस्य आहे. भारतातल्या अर्जापासून १२ महिन्यांत बाहेर अर्ज केला, तर तिथेही भारतातली तारीख धरली जाते. सहकार्य करारामार्फत एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करून बहुतेक देशांत प्रत्यक्ष जाण्याचा निर्णय ३० महिन्यांपर्यंत लांबवता येतो. त्या अवधीत गुंतवणूकदार शोधता येतो. एक दंडक मात्र काटेकोर आहे. भारतात राहणाऱ्याने आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे किंवा पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. ते न करता परदेशात अर्ज केल्यास भारतातला अर्ज तर बुडतोच, शिवाय शिक्षेचीही तरतूद आहे.

शंकर आबाजी भिसे : पेटंट होते, भांडवल नव्हते

पेटंट मिळाले की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्याने शंकर आबाजी भिसे यांचे चरित्र वाचावे. मुंबईत १८६७ साली जन्मलेल्या भिसे यांनी तरुणपणीच उपकरणे घडवायला सुरुवात केली. उपनगरी गाडीत पुढचे स्थानक दाखवणारे साधन त्यांनी बनवले होते. लंडनच्या एका संशोधनविषयक नियतकालिकाच्या स्पर्धेत त्यांचे वजन करून माल बांधणारे यंत्र पहिले आले आणि ते इंग्लंडला गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांच्या पाठीशी उभे राहून पैसाही घातला. छपाईचे खिळे झपाट्याने पाडणारे ‘भिसोटाइप’ हे यंत्र त्यांचे सर्वांत मोठे काम. यंत्र कल्पक होते, हक्क नोंदवलेला होता, पण ते बाजारात आणायला लागणारे मोठे भांडवल वेळेवर उभे राहिले नाही. १९०८ साली त्यांना मुंबईला परतावे लागले. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या ओळखीने रतन टाटांचे साहाय्य मिळाले आणि काम पुन्हा सुरू झाले. अखेर अमेरिकेत, ॲटोमिडीन या आयोडीनवर आधारलेल्या औषधाने त्यांना पैसा मिळवून दिला. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटे सांगितली जातात.

भिसे यांच्या आयुष्यातून दोन गोष्टी कळतात. पेटंटमुळे त्यांचा शोध त्यांच्या नावावर राहिला आणि प्रत्येक नव्या भांडवलदाराशी बोलताना त्यांच्या हाती काही ठोस होते. पण पेटंट स्वतः होऊन पैसा देत नाही. तो येतो उत्पादनातून, परवान्यातून किंवा विक्रीतून.

परवाना, विक्री आणि वाद

एकट्या संशोधकाला स्वतः कारखाना काढणे जमत नसेल, तर परवाना हा शहाणपणाचा मार्ग आहे. हस्तांतरण असो वा परवाना, तो लेखी असावा लागतो आणि पेटंट कार्यालयात नोंदवावा लागतो. करारात प्रदेश, मुदत, आगाऊ रक्कम, रॉयल्टीचा दर, किमान वार्षिक रक्कम आणि हिशेब तपासण्याचा हक्क स्पष्ट असावा. ठरावीक काळात उत्पादन सुरू झाले नाही, तर परवाना रद्द होईल हे कलम अवश्य घालावे. नाहीतर परवाना घेणारा शोध कपाटात ठेवून देतो. ‘आधी शुल्क भरा, शोध आम्ही विकून देतो’ असे सांगणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे.

नक्कल आढळली, तर जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. प्रतिवादीने पेटंटच रद्द करण्याची मागणी केली, तर प्रकरण उच्च न्यायालयात जाते. तिथे पेटंटची पुन्हा कसून तपासणी होते. मदुराईच्या एका संशोधकाला एकाच मोबाइलमध्ये अनेक सिमकार्डे वापरण्याचे पेटंट २००८ साली मिळाले होते, पण २०१२ साली बौद्धिक संपदा अपील मंडळाने ते रद्द केले. कज्जाही लांबतो. पुण्याच्या बजाज ऑटोने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनावरून २००७ साली टीव्हीएसशी सुरू केलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ साली न्यायालयाला असे दावे रोज सुनावणी घेऊन निकाली काढावेत, असे बजावावे लागले. म्हणून एकट्या संशोधकाने नक्कल करणाऱ्याला आधी परवाना देऊ करावा. न्यायालय हे शेवटचे पाऊल असावे.

पेटंटशिवायचे हक्क

वस्तूचे बाह्यरूप नवे असेल तर डिझाइन नोंदणी १० वर्षे, आणि वाढवून १५ वर्षे, संरक्षण देते. ती स्वस्त आणि लवकर मिळणारी आहे. नाव व बोधचिन्ह ट्रेडमार्कने जपता येते. त्याची मुदत १० वर्षांची असली, तरी नूतनीकरण कितीही वेळा होते. संगणक प्रोग्रामच्या मजकुराला कॉपीराइट आहे. म्हैसूर रेशीम, म्हैसूर अगरबत्ती, म्हैसूर मल्लिगे यांना मिळालेले भौगोलिक मानांकन उत्पादकांच्या समूहाचे असते, एका संशोधकाचे नव्हे.

पिकांचे वाण पेटंटच्या कक्षेत येत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून ‘एचएमटी’ हा तांदूळ घडवला. तो अनेक राज्यांत पसरला, पण नोंद नसल्याने त्यांना त्याचे मोल मिळाले नाही. मान मिळाला तोही उशिरा. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आता शेतकऱ्याला स्वतःचे वाण स्वतःच्या नावे नोंदवता येते, आणि त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क नाही. खोब्रागडे यांनी वाण घडवले तेव्हा हा कायदा नव्हता. आज तो आहे आणि शेतकऱ्यांनी त्याचा वापर करायला हवा.

औपचारिक शिक्षण नसलेल्या संशोधकांसाठी राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, म्हणजे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन, २००० सालापासून काम करते. निवडलेल्या शोधांची पडताळणी आणि पेटंटचा अर्ज ते स्वतः करून देते. म्हैसूरसारख्या शहरात, जिथे एका बाजूला १९१६ चे विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूला १९५० पासून काम करणारी केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, तिथे पेटंटची माहिती असणारी माणसे दूर नाहीत. अशा प्रत्येक शहरातल्या महाविद्यालयांनी, वाचनालयांनी आणि मंडळांनी आठवड्यातून एक संध्याकाळ संशोधकांसाठी राखून ठेवावी, त्यांना शोध तपासायला आणि अर्ज वाचायला मदत करावी. ज्याच्या डोक्यात काही नवे आहे, त्याने आजच वहीत तारीख घालून ते लिहावे, पेटंटांच्या संग्रहात त्याचा शोध घ्यावा, तात्पुरता का होईना अर्ज करावा आणि मगच ते जगाला दाखवावे.